आईचे आभाळ आणि वैमानिकाची इंग्रजी



दिवाळीच्या सुटीत मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातून बारावीचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. वडील हमाली करतात, आई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते. पोराच्या पिशवीत वैमानिकांसाठीचे हवामानशास्त्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक होते, कुणाकडून तरी मागून आणलेले. पहिल्या दहा पानांत जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ. म्हणाला, "काका, शब्दकोशात पाहून अर्थ लिहितो, पण दुसऱ्या दिवशी विसरतो. मराठी शाळेतल्या पोरानं वैमानिक व्हायचं स्वप्न पाहूच नाही काय?"

आम्ही त्याला पुस्तक मिटायला लावले आणि विचारले, "तुझी आई कापूस वेचायला उजाडल्याबरोबर का लागत नाही?"

"बोंडावर दव असतं. ओला कापूस खराब होतो."

मग त्याला समजावून सांगितले. रात्री हवा थंड होत जाते. ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्याला ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू म्हणतात. विमानतळावर दर तासाला किंवा अर्ध्या तासाला हवामानाची नोंद निघते, तिला मेटार म्हणतात. तीत '१४/१३' असे दिसले, तर तापमान १४ अंश आणि दवबिंदू १३ अंश. अंतर फक्त एका अंशाचे! आभाळ निरभ्र आणि वारा मंद असेल, तर धुके पडण्याचा धोका मोठा. धावपट्टी दिसणार नाही. पोराचे डोळे चमकले. तो शब्द आता त्याच्या वहीतून पुसला तरी डोक्यातून जाणार नाही.

पुढचा शब्द विंड शिअर. मृगाच्या तोंडावर काय होते ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दिवसभर जीवघेणा उकाडा, संध्याकाळी काळेकुट्ट आभाळ, आणि पाऊस येण्याआधीच गार वावधन सुटते. घरावरची टिनपत्रे उडतात. त्या उंच गडगडाटी ढगाला वैमानिक क्युम्युलोनिंबस, थोडक्यात 'सीबी' म्हणतात. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, क्षणात तोच पाठीमागून येतो आणि विमानाची पकड सुटू लागते. थोड्याशा अंतरात वाऱ्याची दिशा किंवा वेग असा एकदम बदलणे, हेच विंड शिअर. म्हणून शहाणा वैमानिक सीबीच्या वाटेला जात नाही.

तिसरा शब्द क्यूएनएच. विमानाची उंची दाखवणारे साधे यंत्र प्रत्यक्षात हवेचा दाब मोजते. मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला आलो की हवेचा दाब कमी होतो, त्याच हिशेबावर ते चालते. पण हवामान बदलले की दाबही बदलतो. म्हणून वैमानिकाला त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीच्या हिशेबात आणलेला दाब विचारून यंत्रात लावावा लागतो. त्यालाच क्यूएनएच म्हणतात. दाब उतरला आणि यंत्र तसेच ठेवले, तर ते खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवते. एका हेक्टोपास्कलच्या चुकीला सुमारे ३० फुटांचा फरक पडतो.

आपल्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडून वर्षाच्या पावसाचे भाकीत सांगतात. पण विमान भाकितावर उडत नाही, ते मोजमापावर उडते. आपल्या आयाबायांचे निरीक्षण खरे आहे. त्याला मोजमापाची आणि नेमक्या शब्दाची जोड द्यायची, एवढेच काम उरते.

नेमका शब्द चुकला तर काय होते? १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबिया आणि कझाकस्तानची विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे मेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायचे होते, ते त्याखाली उतरले. त्या वैमानिकांना इंग्रजीचे पुरेसे ज्ञान नव्हते, हेही चौकशीत पुढे आले. पुढे मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी वैमानिकाला इंग्रजीची निदान चौथी पातळी लागू लागली. एकूण पातळ्या सहा. तिथे साहेबी थाट तपासत नाहीत. उच्चार समजतो काय, ऐकलेले कळते काय, अडचण सांगता येते काय, हे तपासतात.

रेडिओवरची ठरावीक इंग्रजी तर थोडीच आहे. 'रोजर' म्हणजे होकार नव्हे, 'तुमचे बोलणे पूर्ण ऐकले' एवढाच अर्थ. 'विल्को' म्हणजे समजले आणि तसे करतो. नऊला 'नाइनर' म्हणायचे, म्हणजे ऐकण्यात घोटाळा होत नाही. आम्ही त्या मुलाला वहीत तीन रकाने पाडून दिले: इंग्रजी शब्द, आपल्या वावरातले उदाहरण, आणि स्वतः केलेले एक इंग्रजी वाक्य. रोज पाच शब्द, आणि तेही मोठ्याने बोलून. लाजायचे नाही.

आता मायबापांशी खरे बोलतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास उड्डाण लागते, प्रत्येक लेखी विषयात ७० टक्के गुण लागतात आणि खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण संस्था आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. विमान जवळ आले, पण पैसा अजून दूर आहे. म्हणून कुण्या दलालाच्या शब्दावर घर गहाण टाकू नका. आधी वैद्यकीय तपासणी करा, समाजकल्याण कार्यालयात शिष्यवृत्तीची चौकशी करा, मगच पाऊल टाका.

दुसरी वाटही आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्याला विमानतळ प्राधिकरणाच्या स्पर्धा परीक्षेतून हवाई वाहतूक नियंत्रक होता येते. तिथेही हेच हवामान आणि हीच इंग्रजी. म्हणजे आज शिकलेला शब्द कुठल्याही वाटेने वाया जाणार नाही.

जाताना तो मुलगा म्हणाला, "आता आईलाच रोज विचारतो, आज आभाळ कसं आहे." आम्ही म्हणालो, विचार, आणि तिचे उत्तर इंग्रजीत लिही. आपल्या घरातल्या लेकींच्या हातीही अशीच एक वही द्या.

जयभीम.