खाडीची नोंदवही कोण ठेवणार?

समुद्र आपली मर्यादा सोडीत नाहीं, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलों. त्या श्रद्धेच्या आडून आपण एक सोयीस्कर अनुमानहि काढलें आहे, कीं समुद्रांत कितीहि व कांहींहि टाकलें तरी तो जसाच्या तसा राहतो. सुशिक्षित घरांतून आजहि हें अनुमान ऐकूं येतें, आणि तें साफ चुकीचें आहे.

कोळसा, तेल व वायु जाळून मनुष्यजात जो कार्बन डायऑक्साइड हवेंत सोडते, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यांत विरघळून त्याचें कार्बोनिक आम्ल बनतें. यंत्रयुगापूर्वीं समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारें ८·२ होता. आज तो ८·१ च्या आसपास आहे. ‘एक दशांशाचा काय तो फरक!’ असें हंसून म्हणणारे पदवीधर आम्हांला भेटले आहेत. त्यांना इतकेंच सांगावयाचें कीं, हें माप गजाचें नव्हे. यांत एक अंक उतरला म्हणजे आम्लता दसपट होते. एका दशांशाच्या उतरणीनें ती शेंकडा २५ हून अधिक वाढली आहे. पाणी अद्याप अल्कधर्मीच आहे हें खरें. पण त्यानें तिसऱ्यांचें व कालवांचें समाधान कसें व्हावें? त्यांचें कवच ज्या कार्बोनेटाचें बनतें, तें आम्लतेबरोबर पाण्यांत कमी होत जातें, आणि घर बांधण्यांतच त्या जीवांची शक्ति खर्च होते.

सर्वांत मोठा धोका नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरील एका कालव-पैदास केंद्रांत २००७ च्या सुमारास पिल्लें एकाएकीं मरूं लागलीं. प्रथम संशय रोगजंतूंवर गेला. पुढें पाण्याचीं मापें घेतलीं तेव्हां खोल समुद्रांतून वर येणारें आम्लतर पाणी हें कारण ठरलें. माप हातीं होतें, म्हणूनच पाणी केव्हां घ्यावें व त्यावर कोणता उपाय करावा हें कळलें, आणि धंदा वांचला.

आतां आपल्या दाराशीं येऊं. सह्याद्रींतून उतरणारी अंबा नदी नागोठण्यापाशीं भरतीला भेटते, आणि धरमतरच्या खाडीनें मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. याच भरतीवर पूर्वीं गलबतें नागोठण्यापर्यंत येत. १९९० च्या सुमारास मुंबईच्या समुद्राखालून निघणाऱ्या वायूच्या आधारें येथें प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा मोठा कारखाना उभा राहिला. अशा खाडीविषयीं दोन पक्ष सदैव तयार असतात. एक पक्ष मासळी घटली कीं सारा दोष कारखान्यावर टाकून मोकळा होतो. दुसरा ‘हें जगभरच चाललें आहे’ असें म्हणून जवळच्या सांडपाण्याची चौकशीच नको म्हणतो. दोघांनाहि आम्ही एकच प्रश्न विचारतों: तुमची नोंदवही कोठें आहे?

खाडीचें पाणी कोणी तपासलेंच नाहीं, असें नव्हे. शास्त्रज्ञांनीं अंबेच्या खाडीवर संशोधन केलें आहे. पण प्रसंगोपात्त तपासणी वेगळी आणि अखंड नोंद वेगळी. खुल्या समुद्राचा पीएच दर वर्षीं सुमारें ०·००२ नें उतरतो. खाडींत मात्र एक भरती-ओहोटी किंवा आषाढांतला एक पूर त्याहून कित्येक पटींनीं मोठा फरक घडवितो. या रोजच्या चढउतारांतून जगाच्या धुराचा वाटा कोणता व गांवच्या सांडपाण्याचा कोणता, हें एका दिवसाच्या बाटलीभर पाण्यावरून ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं. त्याला वीसपंचवीस वर्षांचा धीर लागतो.

असा धीर आपल्या देशांत अशक्य आहे, ही सबब खोटी आहे. १९६६ मध्यें स्थापन झालेल्या, गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें कांदोळीसमोरच्या समुद्रांत १९९७ पासून एकाच ठिकाणीं पुनःपुन्हां जाऊन पाणी तपासलें. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत तेथें तळाच्या पाण्यांतील प्राणवायु कसा नाहींसा होतो, हें त्या चिकाटीमुळेंच बारकाईनें कळलें.

मग पेण, रोहें व अलिबाग येथील महाविद्यालयांनीं अंबेची खाडी वांटून कां घेऊं नये? ठरलेली जागा, भरतीची ठरलेली वेळ, उधाण व भांग दोन्हींचे नमुने, आणि त्यासोबत कालवांची व तिसऱ्यांची मोजदाद. उपकरणांची अचूकता पारखण्यास मोठ्या संस्थेचें साह्य घ्यावें. हें काम दिमाखाचें नाहीं. त्यांत वर्तमानपत्रांत झळकणारा शोध वर्षांत लागणार नाहीं. म्हणूनच तें टळतें. ‘शिंपल्यांचा अभ्यास करून नोकरी कोणती मिळेल?’ असें मुलांना विचारणारे आपणच आहों, आणि रविवारीं ताटांत तिसऱ्यांचें सुकें मागणारेहि आपणच.

ओहोटी लागली कीं कोंकणच्या खाड्यांतून बाया गुडघाभर चिखलांत उतरतात; बाजारांत मांडलेल्या कालवांच्या वाट्यांवर कित्येकींची चूल पेटते. उद्यां हे वाटे लहान झाले, तर कां झाले हें विचारण्याचा त्यांना हक्क आहे. त्या वेळीं सुशिक्षितांपाशीं केवळ मतें असतील, तर तो दोष समुद्राचा नव्हे; आपला.