काहिलीजवळ बाई का नाही?

दिवाळी सरली की पन्हाळा तालुक्यातली गुऱ्हाळं पेटतात. बचत गटाच्या कामासाठी अशाच एका गुऱ्हाळावर गेले होते. घाण्यावर गडी, चुलवाणासमोर गडी, काहिलीवर गुळव्या. आणि बायका? त्या उन्हात वाकून चिपाडं पसरत होत्या, वाळलेली गोळा करून चुलवाणाकडं नेत होत्या. त्यातल्या एक आक्का वीस वर्षं हेच करतात. बोलता बोलता म्हणाल्या, "पाक आला का न्हाई, हितं बसून वासावरनं सांगतो मी." मी मालकांना विचारलं, मग आक्कांना गुळव्याच्या हाताखाली का घेत नाही? मालक हसले. "बाई, ते काय बायकांचं काम हाय व्हय?" आणि पाचच मिनिटांनी तेच मालक तक्रार करू लागले की हल्ली चांगला गुळव्या मिळत नाही!

त्या हसण्याला उत्तर द्यायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

गुळव्या कुठल्या कॉलेजात शिकतो? कुठल्याच नाही. जुन्या गुळव्याच्या हाताखाली उभा राहून तो शिकतो. मळी कधी काढायची, भेंडीचा रस किती घालायचा, चुना किती, पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी कशी झाली म्हणजे काहील उतरवायची, हे सगळं कामावरच शिकलेलं असतं. शिकताना एखादं आधण बिघडतं, त्याचा तोटा मालक सोसतो. शिकणाऱ्याची मजुरीही चालू असते. म्हणजे "आमच्या धंद्यात कसलं आलंय प्रशिक्षण" हे खरं नाही. प्रशिक्षण आहे, त्यावर मालकाचा खर्चही होतो. फक्त तो खर्च पुरुषावर होतो. बाई पहिल्या दिवशी चिपाडं पसरते आणि विसाव्या वर्षीही चिपाडंच पसरते. तिची मजुरी वाढत नाही, कारण तिचं काम "बिनकौशल्याचं". आणि कौशल्य तिला मिळत नाही, कारण ती बाई!

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही 'मनुष्यबळ विकास' शिकलो. त्या मनुष्यात आक्का मोडतात की नाही, हा प्रश्न तेव्हा वर्गात कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आता कायद्याकडे बघू. १९७६ चा समान वेतन कायदा आपल्याला माहीत आहे. १९८७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि भरतीबरोबरच बढती, प्रशिक्षण आणि बदली यांतही बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. 'प्रशिक्षण' हा शब्द कायद्यात होता! पुढे २०१९ ची वेतन संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विरला. नव्या कलमात वेतन आहे, भरती आहे. बढती, प्रशिक्षण, बदली हे तीन शब्द मात्र गेले. ते गेल्याची चर्चा किती झाली? आपण तरी केली का?

शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर बंधन घालतो. गुऱ्हाळावर तेवढी माणसं नसतात. राज्य सरकारने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. विद्यावेतन सरकार देणार, पण किमान बारावी पास हवी आणि वय ३५ च्या आत. आक्का चौथीतून शाळा सोडलेल्या, वय पन्नाशीकडे. थोडक्यात, जी सगळ्यात जास्त वर्षं कामावर आहे, तिलाच शिकवण्याची जबाबदारी कुणाचीही नाही.

मालक म्हणतात, काहील उतरवायला ताकद लागते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन बांधापर्यंत चालते ती कोण? शिवाय काहील एकटा गुळव्या उतरवत नाही, चार माणसं लागतात. गुळव्याची खरी किंमत त्याच्या नजरेला आहे, आणि नजर तयार करता येते. ढेपेच्या गुळाचा पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवतात. तापमापी बाईच्या हातात वेगळा आकडा दाखवते काय?

दुसरं म्हणणं, शिकवली की दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जाईल. गुळव्या जात नाही? तो जाऊ नये म्हणून त्याला उचल देता, मान देता. तेच बाईला द्या.

आमची मागणी भीक नाही, मालकाच्या हिताचीही आहे. प्रत्येक गुऱ्हाळाने दर हंगामात निदान दोघी बायकांना गुळव्याच्या हाताखाली उभं करावं. शिकण्याच्या दिवसांची मजुरी कापू नये. शिकवणाऱ्या गुळव्यालाही त्याचे पैसे द्यावेत, नाहीतर तो हातचं राखून शिकवणार. हजेरीच्या वहीत बाईचं स्वतःचं नाव असावं, "अमक्याची बायको" नव्हे. आणि काम आलं की मजुरी वाढावी. नाहीतर शिकणं म्हणजे फुकटचं जादा काम. ऊस आणि गुळावर संशोधन करणारं केंद्र कोल्हापुरातच आहे. तिथल्या प्रशिक्षणाला मालकाने स्वतःऐवजी एकदा आक्कांना पाठवून बघावं.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मातीचं झालं, पाण्याचं झालं, गुळव्याच्या हाताचं झालं. चिपाडं वाळवणाऱ्या हातांचं नाव कुणी काढलं नाही.

याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. शिकणं ही ज्याची त्याची हौस नाही, न शिकवणारा दोषी आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखलं. शंभरावर वर्षं झाली. बाईला न शिकवणाऱ्या मालकाला आपण अजून साधा जाबही विचारत नाही.

या हंगामात गुऱ्हाळावर गेलात, तर गरम गूळ जरूर खा. पण खाण्याआधी मालकांना विचारा, काहिलीजवळ बाई का नाही? ते हसतील. आपण हसू नये. पुन्हा विचारावं.