गुडघ्यावर स्प्रे मारला की झाले?

तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत हे हमखास दिसते. पकड सोडवताना चढाईपटूचा गुडघा पिरगळतो, आतून 'कट्' असा आवाज येतो. कुणीतरी धावत येऊन थंड स्प्रे मारतो, क्रेप बँडेज गुंडाळतो आणि पोरगा पुन्हा मैदानात. तो आवाज अनेकदा लिगामेंट तुटल्याचा असतो. ते ओळखणारा माणूस तिथे क्वचितच असतो.

ब्रिटनने २००५ मध्ये, लंडनला ऑलिंपिकचे यजमानपद मिळाले त्याच वर्षी, क्रीडावैद्यकाला स्वतंत्र विशेष शाखेचा दर्जा दिला. आपल्याकडे या विषयात एमडी करता येते, पण जागा मोजक्या. आणि पदवी घेऊन जिल्ह्यात काम करायचे तर कुठे, याला धड उत्तर नाही.

उजळणीचे तर विचारूच नका. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मागते. ते कोणत्याही विषयाच्या परिषदेत बसून मिळतात. डोक्याला मार बसलेल्याला त्याच दिवशी पुन्हा खेळवू नये, किंवा सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात उत्तेजक चाचणीत अडकवू शकते, हे मात्र मैदानावरच्या डॉक्टरला शिकावेच लागेल असे नाही. फिजिओथेरपिस्टचेही तेच.

बक्षिसांच्या रकमा वाढवायला शासनाला फार विचार करावा लागत नाही. मग राज्य स्पर्धेच्या परवानगीसाठी क्रीडावैद्यकाचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस मैदानावर हवा, ही अट घालायला काय हरकत आहे?