तांबडी शाई आणि शोना भाषा

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. विदर्भातल्या एका मुलीने लिहिले होते, 'ही कादंबरी मी दुसऱ्यांदा वाचून राहिले आहे.' हाताला वळणच असे पडलेले, की तांबडी रेघ ओढली गेली आणि वर 'वाचत आहे' उमटले. मागाहून मात्र मन खट्टू झाले. त्या वाक्यात न कळण्यासारखे काय होते? मग चूक कोणाची? मुलीची, की तिच्या गावाची?

अशा वेळी मला शोना भाषेची गोष्ट आठवते. शोना ही आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशातील बहुसंख्य लोकांची भाषा. पण सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या माणसाला त्याची भाषा विचारली असती, तर 'शोना' असे उत्तर क्वचितच मिळाले असते. आजच्या हरारेभोवतीचा माणूस झेझुरू म्हणाला असता. दक्षिणेला, जिथे ग्रेट झिंबाब्वेचे दगडी अवशेष उभे आहेत, तिथला करांगा म्हणाला असता. पूर्वेच्या डोंगरांत मन्यिका, उत्तरेला झांबेझीच्या खोऱ्याकडे कोरेकोरे आणि आग्नेयेला, थेट मोझांबिकमध्ये पसरलेली, न्दाऊ.

या बोलींत फरक तो किती? माणसांना इतरत्र 'वान्हू' म्हणतात, तर मन्यिका बोलीत त्यातला पहिला वर्ण ओठांचा चंबू करून उच्चारतात. इंग्रजीत हे दोन वर्ण दोन अक्षरांनी लिहितात. आपल्याकडे दोन्हींना एकच 'व' पुरतो! मुतासा आडनावाच्या वडीलधाऱ्या माणसाला इतरत्र आदराने 'वामुतासा' म्हणतात, मन्यिका मुलखात 'सामुतासा'. म्हणजे कोणी 'राव' जोडावे, कोणी 'पंत', एवढेच.

पण मिशनरी आले आणि ज्याने त्याने आपापल्या अंगणातली बोली छापायला घेतली. चिशावाशाच्या जेझुइटांनी झेझुरू घेतली, मॉर्गेन्स्टरच्या डच रिफॉर्म्ड मिशनने करांगा, पेन्हालोंगाच्या अँग्लिकनांनी मन्यिका आणि माउंट सेलिंडाच्या अमेरिकनांनी न्दाऊ. शेजाऱ्याशी सहज गप्पा मारणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचे पुस्तक परके वाटू लागले.

हा गुंता सोडवायला 1929 साली क्लेमंट डोक या भाषाशास्त्रज्ञाला पाचारण करण्यात आले. त्याचा अहवाल 1931 साली निघाला. आपल्या मोल्सवर्थच्या कोशानंतर बरोबर शंभर वर्षांनी! डोकने सुचवले, की लेखनाची भाषा एक असावी आणि व्याकरणाला मुख्यतः झेझुरू व करांगा यांचा आधार असावा. काही ध्वनींसाठी त्याने रोमन लिपीत नवी अक्षरेही घातली. ती गैरसोयीची ठरली आणि 1955 साली काढून टाकावी लागली. 1967 साली लेखनाचे नियम पुन्हा दुरुस्त झाले, तेव्हा कुठे घडी बसली.

या एकीचा लाभ मोठा झाला, हे कबूल केले पाहिजे. शाळांना क्रमिक पुस्तके मिळाली. 1956 साली सॉलोमन मुत्स्वायरो यांची 'फेसो' ही शोनातली पहिली कादंबरी आली. प्रमाणभाषा नसती, तर हे कठीणच होते.

पण पंगतीत कोणाला पाटाजवळ जागा मिळाली, कोणाला दाराशी. न्दाऊ आणि पश्चिमेकडची कलांगा यांचे मन त्या घरात रमले नाही. 2013 साली झिंबाब्वेची नवी राज्यघटना आली. तिने सोळा भाषांना मान्यता दिली, आणि त्या यादीत शोनाबरोबर न्दाऊ व कलांगा ही नावे स्वतंत्रपणे आली. कोंकणी ही भाषा की मराठीची बोली, या वादात आपल्याकडे किती शाई सांडली! 1992 साली कोंकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला आणि निदान राज्यघटनेपुरता तो वाद मिटला. घराबाहेर पडलेल्याला दोष देण्याआधी, घरात त्याला कोणते ताट वाढले होते, हेही पाहावे.

शोनातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. 1959 साली हॅनन यांचा शोना शब्दकोश निघाला. त्यात शब्दापुढे तो कोणत्या बोलीतला, हे अक्षराने दाखवले आहे. झेझुरू, करांगा, मन्यिका, कोरेकोरे. शब्दावर काट मारलेली नाही, त्याचे गाव लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. परीक्षेच्या कागदावर प्रमाणभाषा हवी, हा नियम काही मी मोडणार नाही. नोकरीच्या अर्जात ती तिला लागणारच आहे. म्हणून 'वाचत आहे' तसेच ठेवले. फक्त समासात लिहिले, 'तुझे वाक्य वऱ्हाडीत बरोबर आहे.'

शोना माणसे सकाळी भेटली की विचारतात, 'मरारा सेई?' म्हणजे झोप कशी लागली? त्यावर उत्तर येते, 'तुम्हांला लागली असेल, तर मलाही लागली.' या दिवाळीत घरी कोणी गावाकडचा पाहुणा येईल. त्याच्या बोलण्याला मुले हसली, तर त्यांना हा सवालजबाब जरूर सांगा.