दिवाळी लवकर आली, म्हणजे नेमके काय?

२०२५ सालच्या ऑक्टोबरात शिरूरच्या बाजारपेठेतून जाताना एकच वाक्य मला दहा वेळा तरी ऐकू आले असेल: "यंदा दिवाळी फारच लवकर आली हो!" लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. दुपारचे ऊन अजून भाजत होते, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून पाटावर बसलेल्या मुलांना थंडी अशी वाजलीच नाही.

सुटीनंतर वर्गात हा विषय निघाला, तेव्हा मी मोठ्या थाटात सांगून टाकले, "आमच्या लहानपणी दौंडला दिवाळीच्या पहाटे दात वाजायचे. आता हवामानच बदलले. थंडी दिवाळीपर्यंत पोचतच नाही." मुलांनी माना डोलावल्या. एका मुलीने मात्र विचारले, "सर, दोन वर्षांपूर्वी तर आम्ही दिवाळीत स्वेटर घातले होते. मग दोनच वर्षांत हवामान बदलले का?" त्या वेळी मी उत्तर टाळले. घरी येऊन जुनी पंचांगे काढली. मुलीची शंका रास्त होती आणि पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाचे विधान घाईचे होते, हे कबूल केले पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. म्हणजे या दोन दिवाळ्यांत तारखेने २२ दिवसांचा फरक. एवढ्या दिवसांत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य सुमारे सात अंशांनी खाली उतरतो आणि दिवस सुमारे २० मिनिटांनी लहान होतो. शिवाय पाऊस मागे हटून हवा कोरडी होते, आकाश निवळते. ढगांचे आणि बाष्पाचे पांघरूण निघाले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने आकाशात टाकते आणि पहाट गार होते. मुलांच्या स्वेटरचा उलगडा करायला एवढे पुरे आहे.

आता दिवाळीची तारीख अशी मागेपुढे का होते ते पाहू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने ३५४ दिवसांतच संपतात. वर्ष मात्र ३६५ दिवसांचे. म्हणून दिवाळी दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते: २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. असेच चालू राहिले असते तर काही वर्षांत आकाशकंदील भर पावसात लावावे लागले असते! ते टाळण्यासाठी अधिक महिना आहे. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक मानतात. २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला पडते.

सूर्य तूळ राशीत जातो सुमारे १७ ऑक्टोबरला, आणि आश्विनातली अमावास्या त्याच्या आधी येत नाही. त्यामुळे दिवाळी १७ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य यांच्या दरम्यान लंबकासारखी झोके घेत राहते. सुमारे १९ वर्षांनी तारखा जवळजवळ जुळतात. २००६ सालीही लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरलाच होते. ग्रीसमधील मेटन याच्या नावाने हे चक्र ओळखले जाते. इतके सारे आधीपासून ठाऊक असताना दर दोन-तीन वर्षांनी आपण नव्याने चकित होतो, आणि कित्येक शाळांत सहामाही परीक्षेची घाई उडते, याचे मला नवल वाटते.

मग माझ्या लहानपणच्या थंडीचे काय? १९८५ साली दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. ती गार पहाट माझ्या लक्षात राहिली. १९९० साली लक्ष्मीपूजन १८ ऑक्टोबरला होते. त्या दिवाळीचे मला काहीही आठवत नाही. आठवण सोयीचे तेवढेच नोंदवून ठेवते.

शतकांच्या हिशेबात तर उलटाच प्रकार आहे. आपली पंचांगे सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि ऋतू ठरतात पृथ्वीच्या आसाच्या कलावरून. हा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे भरते, आणि ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दिवाळीही याच गतीने, अगदी हळूहळू, थंडीकडेच सरकते आहे.

खरोखर लवकर येऊ लागली आहे ती बाजारातली दिवाळी. गणपती विसर्जित होतात न होतात तोच सवलतींच्या पाट्या लागतात. तिला मात्र कोणतेही पंचांग लागू नाही!

याचा अर्थ हवामान बदलत नाही, असा कोणी काढू नये. पृथ्वी तापते आहे. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पण हे कळले ते जगभरच्या तापमापकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून. आपल्या दिवाळीतल्या स्वेटरवरून ते कळत नाही. हवामानाची सरासरी काढताना साधारणपणे ३० वर्षांच्या नोंदी घेतात, आणि तुलना एकाच तारखेची करतात, एकाच तिथीची नाही. खऱ्या गोष्टीसाठी आम्ही शिक्षकांनी कच्चा पुरावा दिला, तर पुढे एखादी थंड दिवाळी आली की मुले ती खरी गोष्टही खोटी मानतील. मला काळजी वाटते ती याची.

शाळेच्या मैदानावर एक मीटर उंचीची काठी अगदी सरळ उभी करा. शिरूर-दौंड भागात या दिवसांत माध्यान्ह घड्याळाप्रमाणे सव्वाबाराच्या सुमारास होते. तेव्हाची सावली २१ ऑक्टोबरला सुमारे ५६ सेंटिमीटर, ८ नोव्हेंबरला ७१, १२ नोव्हेंबरला ७४ आणि २२ डिसेंबरला ९१ सेंटिमीटर भरेल. सोबत रोज पहाटेचे तापमानही एका वहीत लिहीत चला. वही शाळेतच ठेवा, म्हणजे पुढच्या वर्गाला ती चालू ठेवता येईल. २०२८ साली लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला येते आहे. त्या वर्षीही कोणी तरी "फारच लवकर आली" म्हणेलच. तोपर्यंत वहीत बऱ्याच नोंदी झालेल्या असतील.