शक्यतेचा हिशेब शिकवायलाच हवा

दहावीच्या गणित भाग १ मधला पाचवा धडा ‘संभाव्यता’. त्यात नाणी, फासे आणि पत्त्यांचा कॅट आहे. या धड्याबद्दल अमरावती-अकोल्याकडे दोन आक्षेप ऐकू येतात. शाळेतच पत्ते-फासे शिकवले तर पोरं सट्ट्याच्या नादी लागतील, हा पहिला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला हे कशाला, पाणी काय गणित पाहून येते, हा दुसरा. दोन्हींमागे काळजी आहे, म्हणून दोन्हींना नीट उत्तर दिले पाहिजे.

मटका पाठ्यपुस्तकातून आला नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव मुंबईत तारेने येत आणि त्यांवर पैसे लागत. मटक्यातले ‘ओपन-क्लोज’ हे शब्द तिथलेच. १९६० च्या दशकात भावांची जागा चिठ्ठ्यांनी आणि पत्त्यांनी घेतली, सट्टा तसाच राहिला. तो टिकला तो लावणाऱ्याला हिशेब येत नाही म्हणून. एका आकड्यावर साधारण नऊपट मिळतात आणि आकडे असतात दहा. दहा रुपये शंभर वेळा लावले तर हजार जातात. सरासरी दहा वेळा आकडा लागतो आणि नव्वदप्रमाणे नऊशे परत येतात. उरलेले शंभर चालवणाऱ्याचे. ‘पंजा लई दिवस आला नाही, आता येणारच’ हा भरवसाही खोटा आहे. कालच्या निकालाने आजची शक्यता वाढत नाही, ती दहात एकच राहते. हे ज्या मुलाने स्वतः वहीत मांडले, त्याला फसवणे अवघड आहे.

हिशेब कळला की जुगाराची पकड सुटते, हे सांगणारी नळाची कथा तर आपल्या घरची. दमयंती विदर्भाची राजकन्या. अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर हेच तिचे कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. तिचा नवरा नळ द्यूतात राज्य गमावतो आणि सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या फांद्यांवर किती फळे आहेत ते नुसते पाहून सांगतो, नळ मोजतो आणि आकडा जुळतो. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, मिळताच नळाला पछाडणारा कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. त्यानंतर नळ पुन्हा खेळून राज्य मिळवतो हे खरे. मटक्यात मात्र ती सोय नाही, कारण तिथले दरच लावणाऱ्याच्या विरुद्ध बांधलेले आहेत. तिथे विद्या एकच गोष्ट सांगते: लावू नको.

आता दुसरा आक्षेप. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, उगवलेले मोजा, सत्तरच्या वर असतील तर बियाणे चांगले, असे कृषी खाते सांगते. ही उघडउघड संभाव्यता आहे. सरकी डोबताना एका जागी दोन बिया का टाकतात? चारात एक बी उगवत नसेल, तर एकेक बी टाकल्यावर सोळा जागांपैकी चार रिकाम्या राहतील. दोन-दोन टाकल्या तर दोन्ही न उगवण्याची शक्यता पावाचा पाव, म्हणजे सोळात एकच जागा रिकामी. बापाला हे अनुभवाने ठाऊक आहे. मुलाला त्यामागचे कारण कळले पाहिजे. या हिशेबाची मर्यादाही कळली पाहिजे. पावसाने दडी मारली की सगळ्याच बिया एकदम जातात, तिथे पावाचा पाव चालत नाही. म्हणून तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला दिला जातो. पाऊस बेभरवशाचा आहे म्हणूनच हे गणित लागते. जे ठरलेलेच आहे, त्याची शक्यता कोण कशाला मोजेल?

या धड्याचे खरे नुकसान आक्षेप घेणारे करत नाहीत. नमुना अवकाश लिही, घटना लिही, भागाकार कर आणि गुण घे, एवढ्यावर तो उरकला जातो, तिथे ते होते. दुसऱ्या सत्रात प्रत्येक गटाला हरभऱ्याचे दहा दाणे भिजवायला द्यावेत. एका गटाचे नऊ उगवतील, दुसऱ्याचे सहाच. सगळ्या वर्गाचे दाणे एकत्र मोजले की खरे प्रमाण दिसू लागेल आणि थोड्या अनुभवावरून मत बनवू नये हे मुलांना पटेल. आपल्या तालुक्याच्या तीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन जुलैत पंधरा दिवसांचा खंड किती वर्षी पडला, ते त्यांनी मोजावे. मटक्याचा हिशेबही फळ्यावर उघड मांडावा. हवामानाचा अंदाज कसा वाचायचा, तेही शिकवावे: ‘पावसाची शक्यता ६० टक्के’ म्हणूनही तो पडला नाही, तर अंदाज खोटा ठरत नाही. अशा दहा दिवसांपैकी सुमारे सहा दिवस पडला का, ते पाहायचे असते.

वऱ्हाडातला शेतकरी दर जूनमध्ये बियाणे, खत आणि कर्ज मिळून मोठा डाव मांडतो. त्याच्या मुलामुलींना त्या डावाचा हिशेब न शिकवता शाळेतून बाहेर पाठवणे हा अन्याय आहे. हा धडा गाळू नका, उरकूही नका. शेताच्या आणि बाजाराच्या आकड्यांवर शिकवा.