वाघ दिसला का?

‘काय गं, वाघ दिसला का?’ जंगलातून परत आलेल्या माणसाला ऑफिसात दुसरं काही विचारायचंच नसतं का? नाही दिसला, बाबांनो. पंजाचा ठसासुद्धा नाही. तरीही मे महिन्यातला माझा सगळ्यात भन्नाट वीकएण्ड कुठला, तर चांदोलीचा!

राज्यात राष्ट्रीय उद्यानं मोजून सहा. ताडोबाला सगळेच जातात. बोरिवलीचं तर लोकलच्या स्टेशनाला खेटूनच आहे. चांदोली मात्र सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या बेचक्यात लपलेलं. साधारण ३१८ चौरस किलोमीटरच्या या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला २००४ मध्ये. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. एवढे बिल्ले छातीवर, पण आमच्या ट्रेनच्या डब्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

आम्ही चौघं. अंबरनाथचे दोघं, उल्हासनगरचा एक आणि मी बदलापूरची. गंमत बघा, महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या तिन्ही गावांवरून जाते, पण थांबत नाही. म्हणून आधी उलटं कल्याणला जायचं आणि मग खिडकीतून आपलंच स्टेशन सुसाट मागे पडताना बघायचं. पहाटे कराड. तिथून गाडी करून कोकरूडमार्गे वारणावती. पावसाळ्यात उद्यान बंद, त्यामुळे मे म्हणजे शेवटचा चान्स. वनखात्याची परवानगी आणि सोबत गाइड हवाच. रेंज? विसरा. बॉसचा फोन येऊच शकत नाही, याहून मोठी लक्झरी कुठल्या रिसॉर्टमध्ये मिळते, सांगा!

वाघ आहेत इथे, पण अगदी मोजके. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून ‘चंदा’ नावाची वाघीण इथे आणली गेली. पण हे रान एवढं दाट आहे की रस्त्यापासून दहा पावलांवर काय उभं आहे, तेही कळत नाही. आम्हाला शेकरू दिसलं, भेकराचं भुंकणं ऐकू आलं. मधेच करवंदांनी लगडलेली जाळी दिसली. उल्हासनगरकराने लगेच हात घातला, तेवढ्यात गाइडदादा म्हणाले, ‘न्हाई साहेब. हितलं कायबी न्यायचं न्हाई, तोडायचं न्हाई.’

पुढे एका वळणावर झाडी अचानक संपली आणि पायऱ्यापायऱ्यांचं माळरान लागलं. गव्यांचा कळप चरत होता. काळेकभिन्न, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. कॅमेरे निघाले. दादांचं लक्ष मात्र गव्यांकडे नव्हतंच. त्या पायऱ्या म्हणजे भाताची खाचरं होती. दगडी चौथरे होते ती घरं.

आधी वारणेवरचं धरण आणि मग अभयारण्य, यांत इथली गावं उठली. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी इथले लोक श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं आंदोलनं करत आलेत. आपल्याकडे तरी वेगळं काय? बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाडकडच्या वाड्या हलल्या, आणि बारवीचं पाणी अंबरनाथ-उल्हासनगरच्या नळाला येतं. पावसाळ्यात धरण भरलं की आपण तिकडे भजी खायला जातो. माझ्यापुरतं सांगायचं तर हे जंगल राहायलाच हवं, याबद्दल मला शंका नाही. पण त्याचं बिल भरलं कोणी, हे चांदोलीच्या कुठल्याही ट्रॅव्हल पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं.

दादांचं गावही याच रानातलं. त्यांनी लांबून एक फणस दाखवला. ‘आमचं परडं हितं व्हतं. आज्यानं लावलेला.’ झाडाला बुंध्यापासून फणस लागलेले. पिकल्याचा वास जीपपर्यंत येत होता.

‘एखादा नेता का घरी?’ मी विचारलं.

ते हसले. ‘नियम सगळ्यांला सारखाच की, ताई.’

‘मग खातं कोण?’

‘अस्वलं,’ ते म्हणाले आणि ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायची खूण केली.